सगळे नर: आमच्या तळ्यातल्या जंबो कोळंबीचा पहिला हंगाम

नाही, आमच्या तळ्यातल्या कोळंबीला हार्मोनचं इंजेक्शन दिलेलं नाही आणि खाद्यातूनही काही घातलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गेल्या हंगामात ‘सगळी नर कोळंबी? मग हार्मोन दिलंय का?’ हा प्रश्न मला माणगावच्या बाजारात, बँकेत, नणंदेच्या घरी आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत ऐकावा लागला. हार्मोनचा संबंध आहे, पण तो माझ्या कोळंबीच्या आईशी. आणि ती आईसुद्धा मुळात आई नव्हती. ते पुढे येईलच. नर कोळंबीचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, आणून वाढवायचं तर कुठे जायचं, किती थांबायचं, किती पैसे लागतात, हे मला मराठीत एका जागी सापडलं नव्हतं. म्हणून हा प्रपंच.

आमची जमीन माणगाव तालुक्यात, कालव्याखाली. भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं पाणी कुंडलिकेवर डोलवहाळच्या बंधाऱ्याशी अडवून कालव्यात सोडतात, त्यामुळे आमच्याकडे उन्हाळी भातही होतो. त्यातलं एक एकराचं सखल शेत मात्र भातापेक्षा बेडकांच्याच उपयोगाचं. सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, तिथल्या डबक्यात पूर्वी रोहू-कटला सोडून पाहिले होते. पण दारात बांगडा-सुरमई येत असताना रोहूचे काटे काढत बसायची रायगडात कुणाची तयारी? कोळंबीचं तसं नाही. घ्यायची नसली तरी लोक थांबून भाव विचारतात.

गोड्या पाण्यातल्या या जंबो कोळंबीचं शास्त्रीय नाव मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी, निर्यातवाले तिला स्कॅम्पी म्हणतात. सगळं आयुष्य गोड्या पाण्यात, पण पिल्लांना पहिला महिनाभर निमखारं पाणी लागतं, म्हणून नदीतली मादी अंडी घेऊन खाडीकडे उतरते. या जातीत नर मादीपेक्षा बराच मोठा होतो. मादी एकदा अंड्यावर आली की खाल्लेलं अंड्यांत जातं, अंगाला लागत नाही. वनामी आणि टायगर या खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीत नेमकं उलटं, तिथे मादी मोठी. तेव्हा कुणी ‘सगळे नर’ म्हणून वनामीचं बीज गळ्यात मारायला लागला, तर तिथूनच मागे फिरा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मी रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात प्रशिक्षण घेतलं. त्याचं प्रमाणपत्र अर्जाला लागतं म्हणून गेले होते, पण तिथे एक गोष्ट शिकले ती वर्षभर उपयोगी पडली. सरांनी कोळंबी उताणी करून तळहातावर धरली. चालायच्या पायांच्या पाच जोड्या असतात. पाचव्या जोडीच्या बुडाशी बारीक छिद्रं असली तर नर, तिसऱ्या जोडीच्या बुडाशी असली तर मादी. पोटाखाली पोहायचे पाय असतात, त्यांच्या दुसऱ्या जोडीला आतल्या बाजूने एक जादा केसाळ काडी दिसली की नर नक्की. मात्र हे दिसायला कोळंबी काही ग्रॅमांची व्हावी लागते. बीज असताना ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

केरळात कुट्टनाडच्या शेतांत कोळंबी थोडी मोठी झाल्यावर हाताने नर वेचून वेगळे वाढवण्याचे प्रयोग झालेत आणि मिश्र कोळंबीपेक्षा त्यात पैसा जास्त सुटला. पण निम्मं बीज बाजूला काढायचं, त्याला तोवर खाऊ घालायचं आणि वेचायला माणसं लावायची. आमच्याकडे भातलावणीला माणूस मिळत नाही, तिथे कोळंबी उताणी करून पाहायला कोण येणार? सरांनीच मग आंध्रात नर बीज मिळतं म्हणून सांगितलं.

आता कागद. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत नवीन तळं खणायला हेक्टरी सात लाख आणि बीज-खाद्याला हेक्टरी चार लाख खर्च तेव्हा धरत. त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान. माझ्या नावाने अर्ज केला तर एका एकराला, म्हणजे ४० गुंठ्यांना, ४ लाख ४० हजारांवर २ लाख ६४ हजार मिळणार होते. फक्त सातबारा आप्पांच्या नावावर. मग दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत भाडेपट्टा करायला दुय्यम निबंधकांकडे गेलो. कुळकायद्यात आजोबांची निम्मी जमीन गेलेली, त्यामुळे सही करताना आप्पा म्हणाले, “म्हणजे आता तू माझं कूळ झालीस!” हसले, पण कागद दोनदा वाचला.

बाकी यादी अशी होती: सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, प्रकल्प अहवाल, तळ्याच्या जागेचे अक्षांश-रेखांशासह फोटो आणि पाणी उपलब्धतेचा दाखला. शेवटच्या कागदाने जीव काढला. एका कार्यालयाने दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्याने पुन्हा पहिलीकडे, आणि शेवटी दाखला आला तो गट क्रमांक चुकून. दुरुस्तीला पुन्हा तीन आठवडे. या दाखल्याचा अर्ज सगळ्यांत आधी टाका, बाकीचं नंतर जमतं. आणि प्रत्येक अर्जाच्या पोचपावतीवर शिक्का आणि तारीख घेऊन ठेवा. माझी दुरुस्ती तीन आठवड्यांत झाली ती त्या शिक्क्यामुळे.

पूर्वसंमती फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी मिळाली. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. दोन आठवडे इकडेतिकडे झाले असते तर जून उजाडला असता. या योजनेत आधी आपला पैसा जातो, मग पाहणी होते, मग अनुदान येतं. आम्ही माझे पाटल्या-गोठ सोनेतारणात ठेवून खोदकाम काढलं. सव्वातीन लाख लागले, म्हणजे धरलेल्या खर्चापेक्षा जास्तच.

मधल्या काळात, जानेवारीत, आम्ही दोघं विजयवाड्याच्या बाजूला हॅचरी, म्हणजे बीज तयार करतात ती जागा, बघायला गेलो होतो. फोनवर बीज नोंदवता येतं, तरी एकदा जाऊन याच. आत शिरताना पाय औषधाच्या पाण्यात बुडवायला लावले, हात धुवायला लावले. पुढे काळ्या टाक्यांत निमखारं पाणी, साधारण बारा पीपीटीचं (हजार भागांत बारा भाग क्षार), आणि त्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिल्लं, शेपटी वर आणि डोकं खाली करून उलटी पोहणारी. त्यांना आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक जिवाची पिल्लं खायला घालतात. अकरा अवस्था पार केल्या की त्यांची बारीकशी कोळंबी होते, मग ती तळाला बसते आणि सरळ चालायला लागते. याला महिनाभर किंवा थोडं जास्त लागतं. त्यानंतर हळूहळू गोड्या पाण्याची सवय.

पैदाशीच्या टाकीतून तिथल्या मुलाने एक अंड्यांवरची मादी जाळीत उचलून दाखवली. पोटाखाली नारिंगी अंड्यांचा घोस, आणि पोहायचे पाय सतत हलवून ती त्यांना वारा घातल्यासारखं पाणी घालत होती. तो म्हणाला, “मॅडम, ये असल में मेल है।”

मला वाटलं भाषेचा घोळ होतोय. मग त्याने समजावलं, आणि घरी आल्यावर मी त्यावर जमेल तेवढं वाचलं. माणसात, कोंबड्यात, माशात नरपणाचं हार्मोन वृषणात तयार होतं. कोळंबी-खेकड्यांत त्यासाठी वेगळी ग्रंथी असते, अँड्रोजेनिक ग्रंथी, आणि ती फक्त नरात असते. शुक्रनलिकेच्या टोकाला, पाचव्या पायांच्या बुडाशी. म्हणजे सरांनी जिथे छिद्रं दाखवली होती तिथेच. हेलेन शार्नियो-कोताँ या फ्रेंच संशोधक बाईंनी १९५४ साली कोळंबीच्या एका लहानशा भाऊबंदात या ग्रंथीचं काम दाखवून दिलं. तिच्यातून सुटणारं हार्मोन स्टेरॉइड नाही. ते इन्सुलिनच्या घराण्यातलं प्रथिन आहे. कोवळ्या वयात ते मिळालं तर नर, नाही मिळालं तर मादी.

इस्रायलमधल्या बेन-गुरियन विद्यापीठातले अमीर सागी आणि त्यांचे सहकारी या ग्रंथीच्या मागे कितीतरी वर्षं लागले होते. आधी त्यांनी सूक्ष्म शस्त्रक्रियेने कोवळ्या नर पिल्लांतली ग्रंथीच काढून पाहिली. पुढे ते हार्मोन बनवणारं जनुक सापडलं, आणि २०१२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की त्या जनुकाला गप्प करणारा दुपदरी आरएनए नर पिल्लांना टोचत राहिलं, तर ती पूर्ण मादी होतात, अंडी घालतात, पिल्लं देतात. कोळंबीत नराची गुणसूत्रं झेडझेड आणि मादीची डब्ल्यूझेड. नरापासून घडवलेल्या मादीकडे डब्ल्यू नाहीच. तिचा साध्या नराशी संकर केला की पिल्लांना दोन्हीकडून झेडच मिळतो आणि सगळी नर निघतात. टोचलेला आरएनए काही काळाने विरून जातो, पुढच्या पिढीत उतरत नाही, जनुकातही काही घातलेलं नसतं. आपल्या देशात हे तंत्र एमपीईडीएच्या, म्हणजे केंद्राच्या सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाच्या, राजीव गांधी जलसंवर्धन केंद्राने आणलं.

लोकांचा घोळ होतो तो तिलापिया या माशामुळे. तिलापियाची सगळी नर पिल्लं करायला मिथाइल टेस्टोस्टेरॉन नावाचं स्टेरॉइड पहिले तीन-चार आठवडे खाद्यातून देतात, आणि जे पिल्लू ते खातं तेच मोठं होऊन बाजारात येतं. तिथे मर्यादा, देखरेख आणि परवाना हे प्रश्न रास्त आहेत. कोळंबीत आपण खातो त्या पिढीला काहीच दिलेलं नसतं. नणंदेला मी हे असं सांगितलं: “वन्सं, सासूला दिलेलं औषध सुनेच्या अंगात कसं येईल?” तिला पटलं. शास्त्राच्या दृष्टीने उदाहरण तकलादू आहे, पण पंगतीत तेवढं चालतं.

नोंदणी करताना तीन गोष्टी मागा. पैदाशीच्या माद्या कुठून आणल्या त्याची नोंद, पांढऱ्या शेपटीच्या रोगाचा पीसीआर अहवाल (त्यावर बॅच क्रमांक आणि तारीख आहे ना ते पाहा) आणि बीज किती दिवसांचं देणार ते. साधं मिश्र बीज मला सव्वा रुपयाला सांगितलं होतं, हे तीन रुपयांना पडलं. पंधरा हजार पिल्लांचे पंचेचाळीस हजार रुपये, निम्मे आगाऊ. एप्रिलअखेरची तारीख दिली होती. ती पुढे पुढे सरकत गेली, कारण अशा माद्या मोजक्याच असतात आणि त्या एकाच वेळी अंड्यावर येत नाहीत.

त्या वेळात तळं तयार केलं. आमची माती जांभ्याची, आम्लधर्मी, आणि कालव्याचं पाणी मऊ. कोळंबीला दर कात टाकल्यावर नवं कवच बांधायला चुना लागतो, म्हणून तळ वाळवून चुना आणि नंतर डोलोमाइट (चुनखडीसारखं खनिज) टाकलं. पाणी घेतल्यावर मोहाची पेंड टाकली, तिने मरळ, डोकड्या असले खादाड मासे मरतात. पेंडीचं विष उतरायला दोन-तीन आठवडे द्यावे लागतात, हे तारीख ठरवताना धरा. लपायला नारळाच्या झावळ्या आणि पीव्हीसी पाइपाचे तुकडे. पाणी आत येतं तिथे बारीक जाळी.

बीज निघालं १ जूनला संध्याकाळी. पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरच्या एका शेतकरीदादांनीही तिथूनच बीज घेतलं होतं, म्हणून आम्ही मिळून एसी असलेली गाडी केली, मागच्या सीटा काढून. भाडं चव्वेचाळीस हजार, निम्मं माझं. एका पिशवीत पाच लिटर पाणी, हजार पिल्लं आणि वर ऑक्सिजन, पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात आणि मध्ये बर्फाच्या बाटल्या. विजयवाडा, हैदराबाद, सोलापूर, एकच महामार्ग. दादांच्या पिशव्या इंदापूरच्या फाट्यावर उतरल्या आणि आमची गाडी पुण्याला वळसा घालून ताम्हिणी उतरली. माणगाव यायला दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ झाली. पिशव्या लगेच फोडायच्या नाहीत. पाऊण तास तळ्यावर तरंगत ठेवायच्या, मग तोंड उघडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्यायचं. दोन पिशव्यांतली मेलेली मोजून घेतली आणि फोटो काढून हॅचरीला पाठवला, ही सवय ठेवा.

पहिला दीड महिना पिल्लं जाळी लावून वेगळ्या केलेल्या कोपऱ्यात ठेवली. पंधरा हजारांतली बारा हजारांच्या आसपास तळ्यात उतरली, म्हणजे चौरस मीटरला तीन.

मग पाऊस. २५ जुलैला पुण्यात पूर आला त्या रात्री आमच्याकडेही धो धो कोसळत होता. मला भीती बांध फुटायची होती. झालं भलतंच. ही कोळंबी पाय असलेली आहे हे आपण विसरतो. पावसात बांधावरून पाणी वाहायला लागलं की ती प्रवाहाच्या उलट चढते. बॅटरीच्या उजेडात बांधाच्या चिखलात लाल डोळे चमकत होते, जिकडे तिकडे. हे, मी आणि शेजारचा मुलगा बादल्या घेऊन कोळंबी वेचत होतो आणि आप्पा पडवीतून ओरडत होते की सगळ्यात आधी सापाकडे बघा. दुसऱ्या दिवशी बांधाभोवती दीड फुटाची जाळी ठोकली. तुम्ही ती मेमध्येच ठोका.

ऑगस्टच्या मध्यावर मला राहवेना. तीन रुपये मोजलेले, नर आहेत की नाहीत कळायला नको? पाग (फेकायचं जाळं) टाकून शंभर कोळंब्या काढल्या, ओटीवर टबात हवा सोडून ठेवल्या आणि सोनाराकडून आणलेलं भिंग घेऊन बसले. एकेक उताणी करायची, शेपूट दोन बोटांत धरायची नाहीतर ती उसळून डोळ्यात जाते, दुसरा पोहायचा पाय टाचणीने अलगद बाजूला सारायचा. ती केसाळ काडी दिसली की मी “नर” म्हणायचे आणि आप्पा पाटीवर उभी रेघ ओढायचे. पाच झाल्या की आडवी. दोन-चार अगदी बारीक होत्या, त्यांचं ठरवता आलं नाही, बाकी सगळ्या रेघा एकाच रकान्यात. मादीचा रकाना कोरा राहिला तसं आप्पा म्हणाले, “काय गं ही पुरुषांची पंचायत!”

ही पंचायत पुढे महाग पडते, आणि बीज विकणारे तेवढंच सांगत नाहीत. नर असले म्हणजे सारखे वाढतात असं मुळीच नाही. सप्टेंबरात तळ्यात तीन जाती दिसायला लागल्या: बारीक राहिलेले, नारिंगी नांग्यांचे आणि लांब निळ्या नांग्यांचे. नारिंगीवाले झपाट्याने वाढतात. निळ्या नांगीचा नर राजा, तो जागा धरतो, पण स्वतः फारसा वाढत नाही. आणि त्याच्या धाकाने बारीक नर खुरटलेलेच राहतात. खाद्य भरपूर असलं तरी. गंमत म्हणजे निळा काढून घेतला की खुरटलेल्यांतले काही झपाट्याने मोठे होतात आणि होता त्याच्या वर जातात. म्हणजे नर बीजाने मादीचा प्रश्न मिटतो, पण शेवटी एकदाच तळं उपसायचं म्हणाल तर निम्मा माल बारीक निघणार. मोठे वेळेवर काढत राहणं हेच खरं काम. व्हिएतनाममध्ये असेच सगळे नर वाढवतात आणि तिथले शेतकरी मोठ्या नरांच्या नांग्या मोडून टाकतात, म्हणजे मारामारी कमी होते. आम्ही एका सकाळी करून पाहिलं. बोटं रक्तबंबाळ झाली आणि दुपारपर्यंत टोपलीभरही झाल्या नाहीत. मजूर लावून करण्यासारखं हे मला वाटत नाही.

खाद्याचं फार लिहीत नाही. चार कोपऱ्यांत चेक ट्रे, म्हणजे खाद्य घालून पाण्यात सोडायचे ट्रे, ठेवा आणि दोन तासांनी त्यात उरलेलं पाहून उद्याचं ठरवा, पिशवीवरच्या तक्त्यावर जाऊ नका. पहाटे कोळंबी काठाला आली की प्राणवायू कमी आहे समजा आणि एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळायचं यंत्र, लावा. ऑक्टोबरच्या उकाड्यात, ढगाळ रात्री वीज गेली की डिझेल पंपाने पाणी उडवत बसावं लागलं.

काढणी केव्हा करायची हे पंचांगात बघून ठरवा, हे मी हसण्यावारी म्हणत नाहीये. श्रावण, गणपती, पितृपक्ष, नवरात्र, इथपर्यंत कोकणात कोळंबीला गिऱ्हाईक थंडच. आम्ही पहिली विरळणी दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात केली. मोठ्या आसाची ओढजाळी, म्हणजे बारीक माल खालून निसटतो. माल लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायचा, नाहीतर मांस लवकर मऊ पडतं. शंभर ग्रॅमवरचे ५५० रुपये किलोने गेले, मधले ४८० ने. दिवेआगर-हरिहरेश्वरकडचे घरगुती राहण्याची सोय करणारे लोक चांगलं गिऱ्हाईक आहेत, त्यांना ताटात दिसायला मोठी कोळंबी हवी असते. बाजारातल्या कोळीणमावशींनी मात्र एक निळा नर उचलून माझ्यासमोर नाचवला. “डेंगे आणि डोकंच विकतेस होय गं? खायचं काय, शेपटी?” बोलणं खोटं नाही. नराचं डोकं आणि नांग्या मोठ्या असतात, सोलल्यावर निम्म्यापेक्षा कमीच मांस हाताला लागतं. गिऱ्हाइकाला हे आधी सांगितलं की नंतर कटकट होत नाही, आणि डोक्याचं कालवण कसं करायचं ते सांगितलं की जास्तच घेतात.

मार्गशीर्षातले गुरुवार सोडून डिसेंबरात अशाच काढण्या करत राहिलो. ३१ डिसेंबरच्या आदल्या दोन दिवसांत मागणी इतकी होती की फोन बंद ठेवावा लागला. तोवर रात्री गारठल्या होत्या आणि कोळंबी खायची कमी झाली होती. २४ अंशांच्या खाली पाणी गेलं की वाढ मंदावते, मग नुसता खर्च. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात तळं उपसलं. त्यात अंड्यांवरच्या माद्याही निघाल्या, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बीजातून आल्या की कालव्यातून, सांगता येणार नाही. ही कोळंबी आपल्या नद्यांत आहेच, आणि माझी इनलेटची जाळी दोनदा फाटली होती.

हिशेब. एकूण माल ४७० किलो: मोठा ९०, मधला २८०, बारीक १००, तो ३०० रुपयांनी गेला. विक्री २ लाख १४ हजारांच्या आसपास. खर्च: बीज ४५ हजार, गाडी २२, खाद्य ७८, चुना-पेंड-डोलोमाइट वगैरे १४, वीज आणि डिझेल १५, जाळीवाले आणि बर्फ १६. एकूण १ लाख ९० हजार. हातात राहिले चोवीस हजार, आणि त्यात खोदकाम, सोनेतारणाचं व्याज आणि आमची घरची मेहनत धरलेली नाही. गाडी भागीत नसती तर जवळजवळ काहीच उरलं नसतं. आसपास तीन-चार जण मिळून बीज आणणार असाल तरच आंध्राची वाट धरा.

अनुदानाचा पहिला हप्ता ऑगस्टमध्ये जमा झाला. दुसऱ्याच्या पाहणीची वेळ आली आणि १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. तो फेब्रुवारी २०२५ मध्ये आला, आणि पाटल्या-गोठ घरी आले.

इस्रायलमध्ये आता याच्या उलट, सगळ्या माद्यांचं बीजही करतात. ग्रंथीच्या पेशी मादीत घालून तिला नर बनवायचं, आणि त्या वाटेने पुढे दोन डब्ल्यूवाली मादी मिळवायची, जिची पिल्लं सगळी मादी. माद्या लहान राहतात पण एकसारख्या वाढतात, भांडत नाहीत आणि दाट सोडता येतात. आप्पांचा कल तिकडे आहे. मी अजून नरांवरच आहे, पण या वेळी पिल्लं दोन महिने वेगळी वाढवून, मोठी आणि लहान निवडून, तळ्याच्या मध्ये जाळी घालून दोन भागांत सोडणार आहे. फेब्रुवारीतच दहा हजारांची नोंदणी केली, मेच्या पहिल्या आठवड्याची तारीख लेखी घेतली, आणि गाडीत इंदापूरच्या दादांशिवाय पालीचे दोघं भागीदार आहेत.